पोराला कामाचं कुत्रं द्यायचंय, पण काम कोणतं?

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. ओळख लपवून, थोडक्यात देतो. हे गृहस्थ शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. घरचा दोन एकर ऊस, थोडा भुईमूग, दोन म्हशी आणि नऊ शेरडं. हे सगळं वडील आणि पत्नी बघतात. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे आणि त्याला जनावरांचा भलता नाद. मध्यंतरी गावातल्या दोन घरची शेरडं रात्रीत चोरीला गेली, भुईमुगात रानडुकरं पडतात ती वेगळीच. म्हणून त्यांनी ठरवलंय की पोराला त्याचं स्वतःचं, पहिलं कामाचं कुत्रं घेऊन द्यायचं. ‘सगळी जबाबदारी तोच घेईल, म्हणजे मोबाईलही सुटेल,’ असं ते लिहितात. जमखंडीचे पाव्हणे मुधोळ जातीचं पिल्लू द्यायला तयार आहेत: मिलिटरीनंही घेतलेली जात, ससा सुटत नाही, जत्रेत शर्यतीलाही पळवता येईल. कंपनीतला मित्र म्हणतो, जर्मन शेफर्ड घे. वडील म्हणतात, कसलंही घ्या, पण पहिले सहा महिने साखळीला ठेवा, म्हणजे कडवं निघतं. आणि ‘मंडळींना हे पटत नाही.’ त्यांचे प्रश्न दोन: पिल्लू कोणत्या जातीचं घ्यावं, आणि पोराकडून ते कसं शिकवून घ्यावं?

दादा,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसलो आणि कुत्र्यानं काय काय करायचं आहे त्याखाली रेघा ओढल्या. शेरडं राखायची, चोरावर भुंकायचं, डुकरं हाकलायची, पोराचा मोबाईल सोडवायचा, त्याच्या अंगात जबाबदारी आणायची, आणि जमलंच तर जत्रेत शर्यत मारायची. एवढी कामं तुमच्या फौंड्रीत एकट्या माणसाला सांगितली तर दुसऱ्या दिवशी गेटवर सभा होईल.

जातीचा प्रश्न म्हणून थोडा बाजूला ठेवू. आधी कामं वेगळी करू, कारण ही एका कुत्र्याची कामं नाहीत.

घराची राखण म्हणजे नवखं माणूस दारात आलं की भुंकून घर जागं करणं. त्याला कडवं कुत्रं लागत नाही, जागं कुत्रं लागतं. शेरडं चोरणारा कुत्र्याच्या दातांना जेवढा भितो त्याहून जास्त तुमच्या अंगणातला दिवा लागण्याला भितो. आपलं गावठी कुत्रं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलंय आणि फुकटात करत आलंय. म्हणूनच बहुतेक त्याला कुणी ‘कामाचं’ म्हणत नाही.

शेरडांबरोबर राहून त्यांना सांभाळणं हे दुसरं काम, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. धनगरांची मेंढरं तुमच्या रानात खतासाठी बसायला येत असतील, तेव्हा त्यांच्याबरोबरची कुत्री नीट बघा. मेंढरांच्या मागे उगाच धावत नाहीत, कडेकडेनं चालतात, दुपारी मेंढरांतच पडून असतात. हे कुणी शिट्टी वाजवून शिकवलेलं नसतं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं, आणि ही पिल्लं मेंढरांच्या वाड्यातच डोळे उघडतात. पुढंही लगेच कामाला लागतात असं नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत पोरवयच असतं. करडांचे कान ओढणं, खेळता खेळता मागं लागणं हे चालूच राहतं आणि कुणीतरी मोठं सतत लक्ष ठेवून ते मोडत राहतं.

आता इथंच तुमच्या बेताला पहिली गाठ बसते. शेरडं राखणारं कुत्रं हवं असेल तर पिल्लाचा मुक्काम शेरडांच्या गोठ्यात, आणि त्याची पहिली दोस्ती शेरडांशी. तुमच्या मनात मात्र पोराच्या पायाशी झोपणारं, त्याच्या मागे शाळेच्या फाट्यापर्यंत जाणारं कुत्रं आहे. दोन्ही चांगली कुत्री आहेत. एकाच पिल्लातून दोन्ही निघणं कठीण.

मुधोळचं बोलू, कारण पाव्हण्यांनी गळ घातलीय आणि पोराचं मनही तिथंच असणार. जात देखणी, यात शंका नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली, मुधोळजवळ तिम्मापूरला आज तिच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे, २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, आणि लष्करानं मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना शिकवून पाहिलं हेही खरं. पण लष्करात कुत्र्यामागे पगारी, शिकलेला माणूस दिवसभर असतो. तुमच्याकडे सहावीतला पोरगा आहे, त्याची शाळा साडेदहाची. शिवाय हे कुत्रं घडलंय ते नजरेनं सावज हेरून त्यामागे सुसाट सुटण्यासाठी. लांबूनच ते हलती गोष्ट टिपतं, आणि एकदा सुटलं की कानावर हाक पडत नाही. आज ससा, उद्या शेजारणीची कोंबडी, परवा तुमचंच उधळलेलं करडू. लहानपणापासून शेरडांत वाढवून काही मुधोळ छान निवळतात, पण हे जमवणारा हात अनुभवी लागतो. त्यात खांद्याशी सव्वादोन फूट उंचीचं हे जनावर ओढीला लागलं तर अकरा वर्षांच्या पोराच्या हातात दावं राहील आणि पोरगा बांधावरून फरफटत जाईल.

‘ससा सुटत नाही’ या वाक्यावर मी जरा थांबलो. शिकारीचा नाद कोल्हापूरला नवा नाही. संस्थानकाळात इथं चित्ते पाळून काळविटांवर सोडले जात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो काळ संपवला. ससा या कायद्यात संरक्षित आहे, आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच धरलीय. पोरानं कुत्रं सशावर सोडलं आणि ससा निसटला, तरी गुन्हा झालाच. वय लहान म्हणून पोरगा वाचेल कदाचित, कुत्रं ज्याच्या घरचं त्याला वनखात्यापुढं उभं राहावं लागेल. पाव्हण्यांना हे प्रेमानं, पण आत्ताच सांगा. पोरासमोर सांगा.

रानडुकराचंही तसंच. भुंकण्यानं डुकरं एका रात्रीपुरती बिचकतील, पण कुत्रं अंगावर घालायचा विचार सोडून द्या. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी सुळा लागलेल्या कुत्र्याचं पोट शिवण्याची पाळी येते, आणि ते बघायला पोरगा शेजारी उभा असतो. भुईमुगासाठी कुंपणाचं बघा. सौर कुंपणात दाब जास्त असला तरी प्रवाह अगदी थोडा आणि क्षणभराचा असतो, नुसता झटका बसतो. तारेत घरची लाईट सोडायची नाही. त्यात डुकराच्या आधी माणूस मरतो. नुकसान झालं की लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या.

जर्मन शेफर्डबद्दल दोनच ओळी. हुशार जात, शिकवलं तर उत्तम. पण दाट केसांच्या या कुत्र्याला तुमच्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि गोठ्याची ओल म्हणजे खरूज, कान वाहणं, दवाखाना. आणि न शिकवलेलं जर्मन शेफर्ड घरात असणं हे कुत्रं नसण्यापेक्षा वाईट.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर सगळा बेत उभा आहे तिथं येतो: ‘सगळी जबाबदारी तोच घेईल.’

दादा, नाही घेणार. तुमचा पोरगा वाईट आहे म्हणून नाही, अकरा वर्षांचा आहे म्हणून. पहिला महिना तो उठल्या उठल्या पिल्लाकडे धावेल. मग चाचणी परीक्षा येईल, क्रिकेट येईल, एखाद्या दिवशी ताप येईल. कुत्र्याला मात्र रोज भूक लागते आणि रोज बाहेर जावं लागतं. जिवंत प्राण्यावर पोराला जबाबदारी शिकवायची म्हणजे चूक पोराची आणि उपास कुत्र्याचा. कुत्रं घरातल्या मोठ्या माणसाचंच असलं पाहिजे. त्याचं खाणं, त्याच्या लसी, ते कुणाला चावलं तर भरपाई, हे मोठ्याच्या नावावर. पोरगा त्या माणसाच्या हाताखाली शिकाऊ. यात त्याचा मान कमी होत नाही. उलट मोठ्याबरोबर खरं काम करायला मिळतं, जे नुसत्या ‘हे तुझं’ म्हणण्यानं मिळत नाही.

मग तुमच्या घरात हा मोठा माणूस कोण? तुम्ही पाळीवर. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपणार. वडिलांचं मत आपण पुढं बघू. राहिल्या तुमच्या मंडळी, ज्यांच्याबद्दल चार पानी पत्रात एकच वाक्य आहे. भाकरी कोण टाकणार? पावसाळ्यात चिखलाचे पाय ओसरीवर उमटले की कोण पुसणार? पोरगा शाळेत आणि तुम्ही कंपनीत असताना पिल्लू आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार? त्यांना हे पटत नाही याचं कारण बहुधा एवढंच आहे की सगळं आपल्यावर येणार हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. कदाचित आणखीही काही असेल, लहानपणी कुत्रं चावलं असेल. विचारा. पटवायला म्हणून नको, नुसतं विचारा, आणि त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐका. त्यांच्या होकाराशिवाय या घरात कुत्रं येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलांच्या साखळीबद्दल. जुनी माणसं सांगतात ते सगळं चुकीचं नसतं, पण हे चुकीचं आहे. दिवसरात्र बांधलेलं कुत्रं कडवं होतं हे खरंच, पण ते सगळ्यांवर होतं. त्याला चोर कोण आणि पोस्टमन कोण हे कळायला माणसं बघायला, हुंगायला मिळालेली नसतात. पळून जायला वाट नाही म्हटल्यावर भ्यालेलं जनावर दात काढणारच, आणि साखळीच्या टप्प्यात सगळ्यात आधी येतं ते घरातलं किंवा शेजारचं लहान मूल. बांधायचंच झालं तर थोडा वेळ, सावलीत, पाणी तोंडाशी येईल असं. त्यापेक्षा गोठ्याला लागून जाळीची मोकळी जागा करा. वडिलांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका. त्यांना म्हणा, तुम्ही म्हशीला हाक मारता तशी ती येते, पोराला तेवढं शिकवा. जनावर ओळखणारा म्हातारा कुत्र्यालाही ओळखतो, फक्त त्याच्या डोक्यातून ‘धाक’ काढायला वेळ लागतो. आणि मार? पोरासमोर कुत्र्याला काठी घातली तर कुत्रं काय शिकेल ते सोडा, पोरगा काय शिकेल ते बघा.

एवढं सगळं नकाराचं लिहिलं. आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो.

पिल्लू घेतलंच नसतं. दोन-तीन वर्षांचं, काम येणारं, माणसाळलेलं कुत्रं बघितलं असतं. आपल्याकडे तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला दुसऱ्या नव्या पोरावर सोडत नाही. मुरलेल्या पैलवानाबरोबर लढत देतो, जो त्याला पाडतोही जपून आणि शिकवतोही. कच्चा पोरगा आणि कच्चं पिल्लू एकत्र सोडले तर दोघंही एकमेकांच्या खोडी उचलतात. मुरलेलं कुत्रं मात्र पोराला शिकवतं: शेरडांत शिरताना घाई करायची नाही, अंधारात कान कुठं टवकारायचे, उगाच कुठं भुंकायचं नाही. पोरगा हाक चुकीच्या वेळी मारेल तेव्हा ते येणार नाही, आणि पोराला कळेल की चूक हाकेत होती.

असं कुत्रं बाजारात मिळत नाही. तुमच्याच पंचक्रोशीत कुणीतरी शेरडं विकून शहराला निघालेलं असतं, कुणा म्हाताऱ्याला आता रान होत नसतं, त्यांच्या दारात दोन वर्षांचं गावठी कुत्रं असतं आणि त्याचं काय करायचं हा त्यांनाच प्रश्न असतो. दूधसंस्थेच्या डेअरीवर सकाळी सांगून ठेवा, बातमी फिरते. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही विचारा, कुठल्या घरचं कुत्रं कसं आहे हे त्यांना ठाऊक असतं. बघायला जाल तेव्हा पोराला आणि मंडळींनाही न्या. कुत्रं शेरडांत कसं वागतं, अनोळखी पोराला बघून कान-शेपूट काय करतं, खाताना जवळ गेलं तर ताठरतं का, हे त्याच्या घरीच बघा. मालकाला स्पष्ट विचारा की कधी कुणाला चावलंय का. पंधरा दिवस ठेवून बघायची मुभा मागून घ्या. नाही जमलं तर परत, कुणाचा राग नको. मादी मिळाली तर बिचकू नका. नसबंदी केलेली मादी घराला धरून राहते, भटकत नाही, आणि राखणीत नरापेक्षा कुठं कमी नसते.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं, पोरगा टिकला, तर मग पिल्लाचा विचार करा. तेव्हा त्याला शिकवायला घरात एक वस्ताद असेल. पिल्लू घेताना आई बघूनच घ्यावं, आणि आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यात त्याहून लहान पिल्लू विकायला मनाईच आहे. ‘महिन्याचं आहे, आत्ताच न्या, लळा लागेल’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

तुमचा भाग पन्हाळ्याचा, म्हणून बिबट्याचं लिहिणं भाग आहे. उसाच्या फडात तो मुक्कामाला असतो, आणि कुत्रं हे त्याचं आवडीचं, सोपं खाणं. रानातल्या खोपीपाशी रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे राखण नाही, आमिष आहे. धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. पट्ट्यानं थोडी शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. तेव्हा शेरडं रात्री घराजवळ, वर छप्पर आणि चहूबाजूंनी जाळी असलेल्या गोठ्यात, आणि कुत्रं त्याच जाळीच्या आत किंवा ओसरीला बंदोबस्तात. चोर आला तरी ते आतून भुंकेलच. पोरानं अंधार पडल्यावर कुत्र्याला घेऊन एकट्यानं रानात जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. कुत्रं बरोबर आहे म्हणून पोरगा धाडसी होतो, आणि बिबट्या कुत्र्यासाठी येतो.

खाण्याचं आपल्याकडे एक ठरून गेलंय: कुत्र्याला उरलंसुरलं. कोल्हापुरात उरतं काय, तर तांबड्या रश्श्यात बुडलेली भाकरी आणि नळ्या. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, शिजवलेली हाडं फुटून अणकुचीदार होतात आणि आतडं फाडतात. तिखट तर सोडाच. भाकरी चालेल, पण तिच्याबरोबर अंडं, बिनमसाल्याचं शिजवलेलं मांस, थोडी डाळ-भाजी हवी. म्हशीचं दूध सगळ्या कुत्र्यांना पचतं असं नाही. जत्रेला बोकड पडलं की काळीज-फोफसं कच्चंच कुत्र्यापुढं टाकायची रीत आहे, ती घरात बंद करा. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातो, त्याची अंडी विष्ठेतून, केसांतून पोराच्या हाताला लागतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि जेवणाआधी साबणानं हात.

लसींचं: सहा ते आठ आठवड्यांपासून परवो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरची, मग चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिने झाले की रेबीजची, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग असतो, त्याचीही लस आहे. उसात गोचीड भरपूर. मोठं कुत्रं आणलंत आणि लसींचं कार्ड नसेल, तर ‘दिली असेल’ असं धरू नका, दवाखान्यातून पहिल्यापासून द्या. उंदराचं औषध आणि फवारणीचे डबे उंचावर, झाकून. रानातली बरीच कुत्री या डब्यांनीच मरतात.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, आणि त्याआधी लस घेतली तर ती टाळता येते. कुत्रं आपलं असो वा परकं, चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेत द्यावं लागतं. ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर सरळ कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. डोस सगळे पूर्ण करायचे, पहिल्या दोन टोचण्यांनंतर बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

आणि यातली खरी अडचण औषधाची नसते, पोराची असते. मुलं चावा लपवतात. आपण ओरडू, किंवा कुत्र्याला घालवून देऊ, या भीतीनं फुल बाह्यांचा शर्ट घालून बसतात. कुत्रं घरी यायच्या आधीच त्याला वचन द्या: ओरखडा दाखवलास तर तुला कुणी बोलणार नाही आणि त्याच दिवशी कुत्र्याला कुठं पाठवणार नाही. आणि वेळ आली तर ते वचन पाळा.

पोराचं काम काय, ते ठरवून द्या. सकाळी पाण्याचं भांडं घासून भरणं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, मांडीचा सांधा चाचपून गोचीड बघणं. मोठ्या माणसाबरोबर शेरडं सोडताना आणि आणताना जाणं. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं शिकवणं, त्याहून जास्त नाही. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द पुरे, पण घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. आजोबांनी ‘हाड’ म्हणायचं, पोरानं ‘स्टॉप’ आणि तुम्ही शिट्टी मारायची, असं झालं तर कुत्रं कुणाचंच ऐकणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. बोलावल्यावर आलं की भाकरीचा तुकडा, पाठीवर हात. उशिरा आलं तरी रागवायचं नाही, कारण त्याला वाटतं, आपण आलो म्हणूनच हे रागावले. खाताना ताटलीत हात घालायचा नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, दोन कुत्र्यांचं भांडण सोडवायला मध्ये पडायचं नाही. पोराच्या दोस्तांसाठीही हेच नियम, आणि ते पोरानंच त्यांना सांगायचे. तो एखादा दिवस चुकला तर कुत्र्याचं पाणी तुम्ही भरा आणि रात्री त्याच्याशी बोला. ‘आता देऊन टाकतो बघ’ ही धमकी एकदाही द्यायची नाही.

शर्यतीचा विषय दोन वर्षं काढू नका. गावच्या मैदानातला आरडाओरडा, पैजा, कुत्र्याला उपाशी ठेवून पळवणारी माणसं, या सगळ्यात अकरा वर्षांच्या पोराला नेण्याची काही घाई नाही.

जमखंडीच्या पाव्हण्यांना फोन लवकर करा. पिल्लं वाटली जात असतील, तुमच्यासाठी ठेवलेलं एखादं दुसऱ्या चांगल्या घरी जाऊ शकेल.

तुमच्यासारखाच प्रश्न शहरातूनही येतो, राजारामपुरीतून, रुईकर कॉलनीतून: पोराला ‘वर्किंग’ जातीचं कुत्रं हवंय, बेल्जियन मॅलिनॉ नाहीतर रॉटवायलर, व्हिडिओत बघितलंय. त्यांनाही तेच विचारतो, दुसऱ्या मजल्यावर त्याला काम काय देणार? ज्या कुत्र्याच्या अंगात आठ तासांचं काम आहे त्याला दोन खोल्यांत ठेवलं तर ते स्वतः काम शोधतं, आणि ते काम सोफ्यावर किंवा लिफ्टमधल्या शेजाऱ्यावर निघतं. त्यांनी सोसायटीच्या दारातल्याच एका गावठी कुत्र्याची नसबंदी, लस आणि रोजचं खाणं पोराबरोबर अंगावर घेऊन वर्षभर निभावून दाखवावं, मग पुढचं बोलू.

आणि दादा, सगळं बोलून झाल्यावरही मंडळी नको म्हणाल्या, तर या वर्षी कुत्रं नको. पुढच्या वेतातलं एक करडू पोराच्या हवाली करा. त्याचं वजन, जंताचं औषध, लस वहीत लिहायला लावा, आणि शेजारी कुणाचं चांगलं कुत्रं असेल तर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर शेरडं घेऊन जायला त्याला मोकळीक द्या. पुढच्या मे महिन्यात पुन्हा विचारा, त्यालाही आणि त्यांनाही.